उभ्यानं जेवणारं घर

हेल्याची खिंड ओलांडून घाट उतरायला लागलं की पहिल्याच वळणावर खराड्यांची खाणावळ लागते. कौलारू, बसकी, दारात जांभळाचं झाड. आत काळ्या घडीव दगडाची फरशी आहे. तिच्यावर पाय ठेवला की भर उन्हाळ्यात टाळूपर्यंत गार वाटतं. टेबल-खुर्ची नाही. पंगतीनं बसायचं आणि समोर येईल ते खायचं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा, सणवार असला तर पुरणाची पोळी. ज्याला मेनूकार्ड पाहिजे त्यानं पुढच्या हॉटेलात जावं. तिथं पाटीवर सगळं लिहिलेलं असतं आणि ताटात काहीच नसतं.

शहरातून आलेली माणसं पोटभर जेवतात, फरशीचे फोटो काढतात. मग कुणाचं तरी लक्ष दाराकडं जातं. या घरचा कर्ता पुरुष, म्हणजे खाणावळीचा मालक, खांबाला लागून उभ्या उभ्या जेवत असतो. पंगतीत जागा मोकळी असली तरी. "अहो, बसा की, आम्ही सरकतो," असं प्रत्येक जण म्हणतो. मालक मान हलवतो आणि जेवत राहतो. यावर लोकांनी काय काय अर्थ लावलेत! कुणी म्हणतं नवस आहे, कुणी म्हणतं मूळव्याध आहे. एका बाईनं तर सांगितलं की उभ्यानं जेवलं की पचन चांगलं होतं. उगाच काहीतरी. खरी गोष्ट जुनी माणसं सांगत आली ती अशी.

त्या काळी गाडीरस्ता नव्हता. कोकणातनं मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाट चढायची आणि देशावरचा गूळ, कांदा, धान्य घाट उतरायचं. चढणारा आणि उतरणारा, दोघांनाही खिंडीशी भूक लागायची. तिथं हैबती खराडे म्हणून एकानं खाणावळ घातली होती. तो, त्याची बायको साळू आणि एक लहान पोरगा. साळूच्या हाताला चव होती आणि हैबतीच्या जिभेला गोडी होती, त्यामुळं धंदा चालला. खाणावळीत कुणीही बसायचं. घाट चढून आलेला माणूस शेजारच्याची जात विचारत नाही, आधी भाकरी मागतो. तेवढ्यापुरतं का होईना, तिथं बरं चालायचं म्हणे.

अडचण एकच होती. जमीन शेणानं सारवलेली. पावसात वरनं गळायचं, खालनं ओल यायची, आणि चिखलात पत्रावळ ठेवायची वेळ यायची. साळू कावली. "लोकं माझं जेवतात का चिकल जेवतात?" म्हणाली. मग हैबतीनं घाटाखालच्या गावातनं सटवा पाथरवटाला बोलावलं.

सटवा कामाला वाघ आणि तोंडानं फाटका होता. दगडाला शिव्या द्यायचा, हातोड्याला द्यायचा, हैबतीला तर उठल्या-सुटल्या द्यायचा. हैबतीला ते आवडायचं. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून त्याचं तोंड आंबलेलं असायचं. दुपारी दोघं जांभळाखाली बसून चिलीम ओढायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायचे. असं करता करता दोस्ती झाली. पाथरवटाशी खाणावळवाल्याची दोस्ती, घाटात लोक हसायचे, पण झाली.

कामाचं धान्य ठरलं होतं, ते सटवा नेतच होता. पण लाद्या बसत आल्या तेव्हा त्यानं आणखी एक मागणं केलं.

"हैबती, या फरशीवरची पैली पंगत माजी. पैल्या पानावर मी बसनार."

"बस की. त्यात काय मागायचं?"

"न्हाई, तसं न्हाई. देवळाचा वटा घडवला, चावडीचा घडवला, पाटलाच्या वाड्याचं जोतं घडवलं. घडवून झालं की मला म्हनत्यात, सटवा, आता खाली उतर. येकदा तरी मी घडवल्याली जागा माज्या बुडाखाली पायजे."

हैबतीला हसू आलं आणि गहिवरूनही आलं. तो आत गेला, पेटत्या चुलीच्या वैलावर, बाजूच्या तोंडावर, हात ठेवला आणि म्हणाला, "या अन्नाची शपथ. पैलं पान तुजं." खाणावळवाल्यानं चुलीची शपथ घेणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. तीच त्याची देवी.

फरशी पुरी झाली. सांधे चुन्यानं भरले, धुऊन काढली, उदबत्ती लावली. साळूनं पुरण शिजवलं. सटवा ओढ्यावर अंघोळ करून आला, धुतलेलं धोतर नेसला, कुणाचं तरी मुंडासं मागून आणून डोक्याला बांधलं. एवढा तोंडाळ माणूस, त्या दिवशी एक शब्द बोलेना. पंगतीच्या पहिल्या पानावर जाऊन मांडी घातली आणि तळहात फरशीवर फिरवत बसला. त्याच्याशेजारी मिठाचे बैल घेऊन आलेले वंजारी बसले. हैबतीनं स्वतः वाढलं. मीठ, चटणी, कुरडई, भात, वरण, पुरणाची पोळी, वरून तूप. सटवानं घासातला घास देवाला काढून ठेवला आणि भात कालवला.

तेवढ्यात दारात घोड्यांच्या टापा वाजल्या.

वरच्या अंगाच्या गावचे इनामदार जत्रेहून परत निघाले होते. बरोबर कारभारी धरून चार माणसं. भूक लागलेली, ऊन डोक्यावर. इनामदार आत आले, जोडे काढले, फरशी बघून म्हणाले, "वा! जागा झकास केलीस." आणि उभे राहिले. पंगत भरलेली होती. त्यांची नजर पहिल्या पानावर गेली, तिथं थांबली, आणि मग ते वर आढ्याकडं बघायला लागले.

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथंच आहे. इनामदार काही बोलले नाहीत. त्यांचा कारभारीही बोलला नाही. "याला उठव" असं कुणी म्हटलं असतं तर हैबतीला पुढं जन्मभर त्यांच्यावर ढकलता आलं असतं. मोठ्या माणसापुढं गरिबाचं काय चालतंय, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण कुणी काही म्हटलंच नाही. इनामदार थोडा वेळ बाहेर जांभळाच्या सावलीत बसलेही असते, कुणी सांगावं? हैबतीनं विचारलंच नाही. त्याच्या जिभेवर नेहमीची गोडी आली, आणि तो वाकून सटवाच्या कानाशी म्हणाला, "सटवा, वाइच उठतोस का? मागनं बस निवांत."

सटवानं वर बघितलं. "आता?"

"आत्ता. लवकर ऊठ बाबा."

"भात कालवलाय."

"मागनं दुसरा वाढतो."

वाढलेल्या पानावरून माणूस उठवणं. आपल्याकडं दारातून भिकारी हाकलणारे आहेत, भावाला वाटणीत बुडवणारे आहेत, पण त्यांनाही विचारा, हे ते करणार नाहीत. ते हैबतीनं केलं. चुलीवर ठेवून शपथ घेतलेला हात सटवाच्या काखेत घातला आणि त्याला उभं केलं. शेजारचे वंजारी खाली मान घालून जेवत राहिले. आपल्यालाही उठवतील अशी त्यांना भीती वाटली असणार.

सटवा शिवी देईल असं हैबतीला वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं कालवलेला घास परत पानावर ठेवला, बाहेर जाऊन हात धुतला, छिन्न्या-हातोड्याची पिशवी खांद्याला लावली आणि घाट उतरायला लागला. पान हैबतीनंच उचललं. त्या जागी नवं पान मांडलं, इनामदारांना वाढलं. इनामदार जेवले, पोळीची तारीफ केली, पान तसंच टाकून उठले आणि घोड्यावर बसले. पुन्हा कधी त्या वाटेनं आले नाहीत. हैबतीचं नाव तरी त्यांच्या ध्यानात राहिलं का, देव जाणे.

"सटवाभावजी कुठं हाईत?" साळूनं आतून विचारलं.

"येईल मागनं."

साळूनं ओट्यावर येऊन घाटाच्या वाटेकडं बघितलं, नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि ती आत गेली.

सगळे गेल्यावर नवरा-बायकोनं जेवायला घेतलं. साळूनं पान मांडलं. हैबती पानापुढं गेला आणि बसायला लागला, तर गुडघे वाकेनात.

असं सांगतात की चुलीपुढं फुंकर घालायला बसला तर गुडघे वाकायचे. गाईची धार काढायला बसला तर वाकायचे. ओढ्यावर, देवळात, जांभळाखाली, कुठंही बसा, काही नाही. फक्त पुढ्यात पान आलं की पाय लोखंडाचे व्हायचे. मग एकानं युक्ती काढली, आधी बसवा आणि मग पान ठेवा. तसं केलं. पान जमिनीला टेकलं मात्र, हैबती आपोआप उठून उभा! काखेत कुणीतरी हात घातला आणि उचललं, असं तो म्हणाला. वैद्य झाला, करंजाचं तेल झालं, भगतानं कोंबडं उतरवलं आणि घरी नेऊन खाल्लं. एकदा वंजाऱ्यांनी चेष्टा चेष्टात त्याचे खांदे दाबले आणि मागून एकानं गुडघ्यात लाथ घातली, तर खांब पडावा तसा हैबती ताठच्या ताठ आडवा झाला. सगळी पंगत हसली. साळू हसली नाही.

हैबती उभ्यानं जेवायला लागला. गिऱ्हाईक म्हणायचं, "मालक, घोड्यागत काय खाता?" तो गोड हसायचा. दुसऱ्यांना तो वाढायचा, आग्रह करायचा, आणि प्रत्येक पानावर त्याला तो परत ठेवलेला घास दिसायचा, बोटांचे वळ उठलेला.

"तुमी जाऊन त्येला घिऊन या," साळू म्हणायची.

जायला काय, अर्ध्या दिवसाची वाट. पण हैबती जाईना. लाज वाटत होती म्हणे. लाज कसली, माज म्हणा. मालकानं पाथरवटाच्या दारात कसं जायचं, ही त्याच्या मनातली गाठ. त्यानं मिठाच्या बैलांबरोबर निरोप धाडला, "हैबतीनं जेवायला बोलावलंय म्हणावं." बैल परत आले तेव्हा निरोप आला, "जेवलोय म्हणावं." पुन्हा धाडला, पुन्हा तेच. यात वर्षं गेली. हैबतीचे केस पिकले. साळू कमरेत वाकली. ती रोज पान मांडून नवऱ्याची वाट बघायची आणि मग ते उचलून त्याच्या हातात द्यायची.

एके दिवशी तिनं पान मांडलंच नाही. भाकरी सरळ नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"पान न्हाई?" हैबतीनं विचारलं.

"कशाला मांडू? बसनारा मानूस हाय का घरात?" साळू म्हणाली. "मी बी दमले आता. माजं म्हातारपन तुमच्या गुडघ्यांकडं बघन्यात गेलं. पन तुमचं दुखनं गुडघ्यात न्हाई, आन् त्ये तुमाला ठावं हाय."

हैबतीनं ती भाकरी खाल्ली नाही. फडक्यात बांधली आणि घाट उतरला.

सटवा आपल्या झोपडीपुढं जात्याच्या पाळीला टाकी लावत बसला होता. दगडाची कच डोळ्यात जाऊन जाऊन एक डोळा पांढरा झाला होता, हात कापत होते. तोंड मात्र तसंच होतं.

"कोन रं? उन्हात हुबा ऱ्हाऊ नगं, माजा उजेड आडवतोस."

"मी. हैबती."

टाकीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"काय काम काडलंस?"

"जेवायला चल."

"कशाचं जेवान?"

"तुजं पान वाढलंय."

"कवाचं?" सटवा म्हणाला. "तवाचंच आसंल तर ती पोळी आता माज्या छिन्नीनं फोडावी लागंल."

हैबतीला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला. मोठ्यानं, दारात, शेजारपाजारच्या बाया बाहेर येऊन बघताहेत तरी. सटवानं त्याला रडू दिलं. बरंच रडू दिलं. मग म्हणाला, "फुरं आता. पन मला चढ चढवत न्हाई."

"मी नेतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे हैबतीनं त्याला पाठीवर घेतलं. दोन्ही म्हातारे. घाटात बैलवाले थांबून बघत होते, खाणावळीचा मालक पाथरवटाला पाठुंगळी घेऊन निघालाय. कुणी बैल देऊ केला, हैबतीनं नको म्हटलं. दम लागला की तो कड्याला टेकायचा, पण सटवाला खाली ठेवायचा नाही. सटवा वरून बोलत होता.

"हळू चाल, हाडं म्हातारी हाईत."

"चालतोय."

"वाटंत येखादा इनामदार भेटला तर खाली ठेवशील का रं मला?"

"न्हाई."

"चुलीवर हात ठेवलास तवा बी आसंच बोलला व्हतास."

हैबतीनं त्याला पाठीवर आणखी वर सरकवून घेतलं. तो चढत राहिला.

खाणावळीत पंगत बसायची वेळ झाली होती. हैबतीनं सटवाला पहिल्या पानावर बसवलं. साळूनं सकाळीच पुरण घातलं होतं, नवरा आज रिकामा परत येणार नाही हे तिला ठाऊक होतं म्हणे. सटवाला दात नव्हते. पोळी दुधात कुस्करून दिली. कापत्या हातानं एक एक घास घेत, मध्येच थांबून तो फरशीचे सांधे चाचपडत होता. "हितं वाइच वर आलाय दगुड," असं स्वतःशीच पुटपुटला. बाकीच्यांचं केव्हाच उरकलं होतं. त्यांना बैल हाकायचे होते. पण हैबती दारात उभा राहिला आणि म्हणाला, "त्याचं होईपर्यंत कुणी उठायचं न्हाई." आवाजात नेहमीची गोडी नव्हती. सगळे उष्ट्या हातानं बसून राहिले. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा कुठं सटवानं शेवटचा घास घेतला आणि आपल्या हातानं पान दुमडलं.

हैबतीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "सटवा, झालं का रं? भरलं का पोट?"

"भरलं की. आजची भूक भागली."

"आन् त्या दिसाची?"

सटवानं थोडा विचार केला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे सगळे सांगतात. दगड कच्चा निघाला तर पाथरवट जसं सांगतो, तसं त्यानं सांगितलं. "ती आजच्या जेवनानं कशी भागंल? ती त्या दिसाची व्हती. ती तशीच हाय." आणि मग हैबतीच्या दंडाला धरून म्हणाला, "बस आता तू. जेव."

साळूनं घाईघाईनं पान मांडलं. हैबती पानापुढं गेला, आणि गुडघे वाकले. लहान मुलासारखी त्यानं मांडी घातली. साळूनं तोंडाला पदर लावला. पंगतीतले वंजारी ओरडले, कुणी देवीचं नाव घेतलं. हैबतीनं भात कालवला. घास उचलला.

तो घास त्यानं बराच वेळ हातात धरला. मग परत पानावर ठेवला आणि उठून उभा राहिला. या वेळी काखेत कुणाचा हात नव्हता.

"आता वं काय झालं?" साळू घाबरली. "वाकत्यात न्हवं गुडघे?"

"वाकत्यात."

"मंग?"

"म्हनूनच," हैबती म्हणाला.

पान हातावर घेऊन तो दाराशी गेला आणि उभ्यानं जेवला. मरेपर्यंत तसाच जेवला. मेल्यावर पोरानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, पण सुतक फिटल्यावर पहिलं जेवण त्यानं दारात उभं राहून घेतलं.

खराड्यांच्या घरात आजही कर्ता पुरुष पानावर बसत नाही. लग्नात स्वतःच्या बोहल्यावरून उतरल्यावरसुद्धा नाही. या खाणावळीत कुणालाही, कुणासाठीही, पानावरून उठवत नाहीत. मागं एक मंत्री आले, त्यांचे पोलीस आधी आत येऊन म्हणाले जागा करा. मालक म्हणाला, होईल तेव्हा होईल. मंत्री उन्हात उभे राहिले, मग गाडीत बसून निघून गेले. ज्यांना राग यायचा त्यांना आला.

आताच्या मालकाच्या गुडघ्याचं गेल्या साली ऑपरेशन झालं. डॉक्टरनं उभं राहायला बंदी घातली. सुनेनं खुर्ची आणून ठेवली, ती भिंतीशी तशीच पडून आहे, तिच्यावर मांजर झोपतं. म्हातारा एका हातानं खांब धरतो, सून ताटली धरते, आणि तो जेवतो. परवा शहरातल्या एका पोरीनं ही सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि त्याला विचारलं, "आजोबा, इतक्या पिढ्या झाल्या. आता तरी ते फिटलं असेल ना?"

म्हाताऱ्यानं तिच्या ताटाकडं बघितलं. तिची अर्धी भाकरी राहिली होती आणि गप्पांत ती निवून चालली होती.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "घाई नाही."